सभापतींचा टोप

मी एक जुना टोप आहे. हसू नका मित्रांनो, भात शिजवायचा नव्हे. डोक्यावर घालायचा, घोड्याच्या पांढऱ्या केसांचा. जन्मलो लंडनच्या दुकानात, पण आयुष्य गेले पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, न्यायमूर्ती क्वामेना अडू यांच्या डोक्यावर.

तिथला उकाडा काय सांगू! साहेब घामाघूम व्हायचे, पण कोर्टात मला कधी उतरवत नसत. एका मंत्र्याच्या विरोधात निकाल दिला म्हणून त्यांची आडगावी बदली झाली. मला डब्यात घालून ते मुकाट्याने गेले. पुढे सरकार बदलले आणि साहेब संसदेचे सभापती झाले. माझी ऐट काय विचारता, मी हललो की गोंगाट थांबायचा.

मग एका सकाळी सभागृहात सैनिक शिरले. संसद बरखास्त केल्याचे जाहीर करा, म्हणाले. साहेब उठले आणि म्हणाले, "सभागृह तहकूब." बरखास्त नाही, तहकूब. म्हणजे पुन्हा भरणार. त्यानंतर त्यांना देश सोडावा लागला.

म्हातारपणी ते मुलीकडे सिंगापूरला आले. एफुआ चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत कामाला, घर यिशुनला. संसद भरली का, असे साहेब तिला सारखे विचारत. यंदा ती भरली, साहेबांना बोलावणेही आले. पण जाण्याआधीच ते वारले. त्यांची शवपेटी सभागृहात ठेवायची आणि तिच्यावर मला, असे तिकडून कळवले.

निघण्याच्या दिवशी एफुआची कागदपत्रांसाठी पळापळ. माझा डबा गंजलेला, शेजारच्या कुमुदताई दुसरा देणार होत्या, म्हणून तिने मला त्यांच्या टेबलावर ठेवले. कुमुदताई गिरगावच्या, यजमान पद्माकर पुण्याचे. जहाजावर इंजिनीअर, तेव्हा सुट्टीवर. एफुआने भात घालून दिलेले भांडेही त्यांच्या ओट्यावर खरकटे पडले होते. कुमुदताईंनी पाया लेबारच्या ऑफिसातून फोन केला, "अहो, एफुआचा टोप गरम पाण्याने स्वच्छ धुऊन ठेवा. ती संध्याकाळी न्यायला येईल."

झाले! गिरगावात ज्याला टोप म्हणतात, त्याला पुण्यात पातेले म्हणतात. पद्माकररावांनी मला उचलले आणि भांड्याच्या साबणाने, अगदी मन लावून, खसाखसा धुतले. माझ्या बटा सुटून लोंबू लागल्या.

कुमुदताई घरी आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, मी ओट्यावरचा टोप म्हटलं होतं."

"ओट्यावर पातेलं आहे," ते पुटपुटले. मग त्यांना उमगले, आणि ते खाली बसले.

एफुआला कुमुदताईंनी सगळे खरे सांगितले. ती रागावली नाही. बटा तिकडे कोणीतरी वळून देईल, म्हणाली. मग तिने मला नाकाशी धरले. साहेब केसांना झाडाच्या बियांचे लोणी चोळत. त्याचा आणि घामाचा वास माझ्यात इतकी वर्षे मुरला होता. आता लिंबाच्या साबणाचा येत होता.

"बाबांचा वास होता यात," ती म्हणाली आणि रडू लागली. पद्माकरराव मान खाली घालून उभे राहिले. एकदा विचारले असते तर, असे त्यांना वाटले असणार. मला तर अजून वाटते.

मी साहेबांबरोबर सभागृहात गेलो. सगळे उभे राहिले. पण साहेबांचे काहीच माझ्याजवळ उरले नव्हते.

मित्रांनो, दुसऱ्याची जुनी वस्तू साफ करण्याआधी एकदा विचारत जा. तुम्हाला जो मळ दिसतो, तो कोणी जपूनही ठेवलेला असेल. आता यिशुनच्या कपाटात मी अगदी स्वच्छ आहे. एफुआ माझ्यावरची धूळ झटकते, पण मला नाकाशी धरत नाही.