सत्तेचाळीस नंबर गाभण आहे

मी सत्तेचाळीस नंबर बोलतेय. मेहसाण्याजवळच्या ज्या अंगणात मी जन्मले तिथे मला काजळी म्हणायचे. पशुवैद्यकीय कॉलेजानं मला विकत घेतलं त्या दिवशी कानात पिवळा बिल्ला ठोकला आणि नाव संपलं. मला वाटलं, दुधासाठी घेतली असेल. घेतली होती ती हात घालण्यासाठी.

कुठे, ते सांगायची म्हशीलाही लाज वाटते. जनावर गाभण आहे की नाही ते ओळखायचं तर डॉक्टरला मागून खांद्यापर्यंत हात घालून आतलं गर्भाशय चाचपावं लागतं. ही विद्या पुस्तकातून येत नाही, म्हणून मी. मला खोड्यात उभी करतात, गोठ्यातला गडी वाघजीकाका शेपूट धरतो आणि पोरं रांगेनं येतात. नखं न कापलेले हात, घड्याळ काढायला विसरलेले हात. एका शहाण्याची अंगठी आत राहिली आणि तो दोन दिवस माझं शेण चिवडत बसला होता. माणसांची तोंडं माझ्या लक्षात राहत नाहीत, हात राहतात.

रांगेतलं त्यांचं बोलणं ऐकून तर जास्तच शिसारी येते.

"सरकारी जागा निघतच नाहीत," एक म्हणायचा. "कंत्राटावर घेतात, तीस हजारांत. माणसाच्या डॉक्टरला विचार, त्याला किती मिळतात."

"मी अमदावादला कुत्र्यांचा दवाखाना काढणार," मौलिक पटेल म्हणायचा. "कुत्र्याचा मालक पैसे देतो, म्हशीचा मालक चा पाजतो."

"तुझा मामा अमेरिकेला बोलावत होता ना?"

"तिथे पुन्हा सगळ्या परीक्षा. परवाना काय आंदण मिळतो? तिथेही हात घालायला लावतात, गाईत."

"मग आपली सत्तेचाळीस काय वाईट आहे," असं म्हणून सगळे हसायचे. मी पाय झाडायचे, पण खोड्यात पाय कुठवर जाणार.

खरी घाण तर पुढेच आहे. परीक्षेत ही पोरं हात घालायची, पण चाचपायची नाहीत. वाघजीकाकानं शेपूट डावीकडे धरली की रिकामी, उजवीकडे धरली की गाभण. मग तो माझ्या पुठ्ठ्यावर बोटानं थापायचा, जितक्या थापा तितके महिने. त्याबद्दल त्याला गाठियाचं एक पुडकं मिळायचं. पाण्यात म्हैस आणि वर मोल म्हणतात, ते इथे रोज चालायचं. फरक एवढाच, की म्हैस समोर उभी असायची.

त्या घोळक्यात दक्षा रबारी होती. हात घालण्याआधी पाठीवर थाप देऊन "ये ग बेन, जरा सोस" म्हणणारी ती एकटी. तिच्या तालुक्यात दूधसंघाच्या डॉक्टरांच्या गाडीवर तिची निवड झाली होती. शेवटच्या वर्षाची परीक्षा पास झाली की पशुवैद्यक परिषदेत नाव नोंदवायचं, परवान्याचा नंबर घ्यायचा आणि कामावर रुजू व्हायचं. नंबर नसलेल्यानं जनावराला सुई टोचणं हा गुन्हा. उशीर झाला तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती.

परीक्षेला बाहेरून डॉ. ब्रह्मभट्ट आले. पांढरे बूट, नाकाला रुमाल, दुपारी श्रीखंड चापून आलेले. पंख्याखाली खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. चार महिन्यांपूर्वी मला बीज भरलं होतं आणि नंतर मी माजावर आले नव्हते, म्हणून कॉलेजच्या वहीत 'गाभण, चार महिने' असं लिहिलेलं. हात कुणीच घातला नव्हता. माझ्या पोटात रेडकू नव्हतं. पू साठला होता.

शेपूट उजवीकडे, चार थापा. एकवीस जण आले आणि एकवीस जण "चार महिने, साहेब" म्हणाले. मग दक्षा आली. बराच वेळ चाचपत राहिली.

"काका, ती थपथप थांबवा. मला नीट लागत नाही," ती म्हणाली. वाघजीचा हात जागीच राहिला. मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, गाभण नाही. भिंत जाड झालीय, आत पातळ हलतंय, पण रेडकू असलं की भिंतीला ज्या गाठी लागतात, त्या कुठेच नाहीत. पू आहे."

"बेन, वहीत चार महिने आहेत."

"वही चुकली असेल. तुम्ही एकदा हात घालून बघा."

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बाहीकडे. "एकतीस वर्षं झाली मला. जनावर चालीवरून ओळखतो मी," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. ती एकटी नापास झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बसले तेव्हा माझ्याखाली पिवळं थारोळं झालं. वाघजीनं पाहिलं, इकडेतिकडे बघितलं आणि दोन बादल्या ओतून ते धुऊन टाकलं. वहीला त्यानं हात लावला नाही.

तीन महिन्यांनी फेरपरीक्षा आली. साहेब तेच, मी तीच. दूधसंघानं दक्षाची जागा तेवढे दिवस राखून धरली होती, पुढे धरणार नव्हता. तिनं हात घातला. तिला कळलं, हे मला कळलं, कारण तिची बोटं त्याच जाड भिंतीवर येऊन थांबली.

"पोरी, सात," वाघजी पुटपुटला. "डाही हो, शहाण्यासारखी सात म्हण आणि घरी जा."

तिनं हात बाहेर काढला आणि साहेबांच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सात महिने, साहेब."

"बघा," ब्रह्मभट्ट म्हणाले, "अभ्यास केलात तर हात शहाणा झाला."

त्या दिवशी मला साहेबांची नाही, तिची किळस आली. मी तिच्या पायावर शेण टाकलं. ती बाजूला झाली नाही.

महिन्याभरानं ती गाडी घेऊन कॉलेजात लशी न्यायला आली. नंबर मिळाला होता. सरळ माझ्याकडे आली, तपासलं, सुई टोचली. तिसऱ्या दिवशी माझ्यातून जे बाहेर पडलं त्याचं वर्णन करत नाही. माझी मलाच ओकारी आली. सुई टोचली त्याच दिवशी तिनं माझ्या तपासणीचा कागद लिहिला होता, खाली सही आणि नवा कोरा नंबर. वाघजीनं तो वाचून घेतला आणि त्याचं तोंड उतरलं.

"आठ महिन्यांपासून पू, गाभण नव्हतीच, असं लिहिलंस? मग परीक्षेत सात म्हणालीस ते?"

"खोटं बोलले."

"कुणी वाचलं तर तुझा नंबर जाईल, बेन."

"वाचू देत तरी," ती म्हणाली आणि कागद ऑफिसच्या खिडकीत देऊन गेली.

दर महिन्याला ती त्या खिडकीपाशी थांबते. माझा कागद कुणी वाचला का, विचारते. कारकून म्हणतो, फाइलला लावलाय. म्हणजे दोरी बांधून फळीवर टाकलाय. इथे म्हशीत हात घालायची किळस, आणि फायलीत हात घालायचीही. त्या किळसेवरच तिचा नंबर अजून शाबूत आहे.

पुढे पावसाळ्यानंतर शेजारचा एक रेडा कुंपण तोडून आत आला. त्याची कुठल्याच वहीत नोंद नव्हती. आमच्या भेटीचीही झाली नाही. दिवस उलटूनही मी व्याले नाही म्हणून वहीत 'रिकामी' लिहिलं होतं, ते तसंच राहिलं. आज संध्याकाळी दक्षा आली, हात घातला आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"काका, पाच महिने. वहीत लिहा."

"वही साहेबांकडे गेली. उद्या परीक्षा आहे. मला शेपूट डावीकडेच धरायला लागेल."

हात धुता धुता ती थांबली. "उद्या कुणी गाभण म्हणालं आणि साहेबांनी त्याला नापास केलं, तर फाइल काढून माझा कागद दाखवा. इथली वही चुकते हे त्यात लिहिलंय."

"आणि तुझा नंबर?"

तिनं ओढणीला हात पुसले. "मला एकदा खोटं बोलायला लागलं. त्याला नको."

उद्याच्या पोरांनो, मला माणसांचा वीट आलाय, तरी एक विनवते. शेपटीकडे बघू नका, थापा मोजू नका. किळस गिळा आणि चाचपा. जो खरं सांगेल तो नापास होईल, आणि त्याला वाचवायला त्या पोरीचा नंबर जाईल, हे मला ठाऊक आहे. तरी सांगा. आत रेडकू आहे. मघाशी त्यानं लाथ मारली.