आम्ही की आपण

बाईंनी चित्रपट थांबवला, तेव्हा पडद्यावरच्या नावेत आठ तरुण वल्ही धरून गोठले. चार काळे, चार गोरे. टोकाला बसलेल्या गोऱ्या कप्तानाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं, त्यावरून वर्गात हशा पिकला.

"हसून झालं की सांगा," बाई म्हणाल्या. "मगाशी काळ्या मुलाचं वल्हं चुकलं, तेव्हा कप्तान काय म्हणाला?"

"हे लोक असेच आळशी असतात, म्हणाला."

"आणि त्याच्या मित्राचं चुकलं तेव्हा?"

"वारा होता, म्हणाला," रेडिओ ओरडली. ही मुलगी झोपेतही बोलत असणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती, म्हणून तिचं नाव रेडिओ.

"नाव एक, नदी एक. मग वारा एकालाच कसा लागला?"

पुन्हा हशा. बाईंनी तो ओसरू दिला. "आपल्या माणसाचं चुकलं की परिस्थिती वाईट, परक्याचं चुकलं की त्याची जातच तशी. ही खोड त्या कप्तानाची एकट्याची नाही. माझी बस चुकते तेव्हा बस लवकर सुटलेली असते. तुम्ही उशिरा येता तेव्हा तुम्ही आळशी असता."

मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. दगडखाणीजवळची शाळा बंद पडल्यावर तिथल्या मुलींना या शाळेत आणलं होतं. एकेक करून त्या गळाल्या आणि नववीत ही एकटी उरली. फुटबॉलच्या संघात ती गोलकीपर होती. हात लांब, शब्द कमी. मुलींनी तिला 'भिंत' नाव ठेवलं होतं. चेंडू अडवला की त्या नावात कौतुक असायचं. मधल्या सुट्टीत सगळ्या तिच्याकडे पाठ करून डबे उघडायच्या, तेव्हा तेच नाव वेगळं ऐकू यायचं.

सरावाच्या सामन्यात संघाच्या कॅप्टनने पेनल्टी बाहेर मारली होती, तेव्हा सगळ्या म्हणाल्या की मैदान ओलं होतं. त्याच मैदानावर भिंतीने गोल खाल्ला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "खाणवाल्यांना धुळीतच दिसतं, उजेडात नाही." बाईंनी ते ऐकलं होतं. हा चित्रपट त्यांनी त्यानंतरच शोधून काढला होता.

तास संपला तेव्हा भिंतीचे वडील दाराशी उभे होते. ते खाणीत क्रेन चालवायचे. कपडे धुतलेले होते, तरी शिवणींत राखाडी धूळ होतीच.

"राग मानू नका बाई. पोरगी घरी काही सांगत नाही. पण काल तिचे हातमोजे उन्हात टाकायला घेतले, तर आत खडूची पूड भरलेली. खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, घरची आठवण येऊ नये म्हणून भरलीय म्हणे मैत्रिणींनी."

बाईंनी वर्गाचं दार मागे ओढून घेतलं.

"शनिवारी मॅच आहे तिची, तेवढी होऊ द्या. सोमवारी दाखला काढतो. आत्याकडे ठेवीन, तिथे शाळा आहे."

"आणि फुटबॉल?"

"तिथे मुलींना खेळवत नाहीत. पण खडूही घालत नाहीत."

"तिला विचारलंत?"

"विचारलं ना. म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. गोलात उभी असते तेव्हा कोणाचं ऐकते का ती? तिथे कशी सगळ्यांवर ओरडते! घरात आली की अशी होते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी चित्रपटाचा पुढचा भाग लावला. तो परभाषेतला होता, त्यामुळे पडद्यावर बोलणं सुरू असतानाच बाई ते आपल्या भाषेत सांगत जायच्या. शर्यतीच्या आधी कप्तान नावेतल्या सगळ्यांकडे बघून काहीतरी म्हणाला.

"'आपण जिंकू,' म्हणतोय," बाईंनी सांगितलं.

"आपण की आम्ही?" रेडिओने विचारलं.

"त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे गं."

"एकच? मग समोरच्याला कळतं कसं, तो त्यात आहे की नाही?"

बाईंचा चेहरा उजळला. असा प्रश्न आला की त्यांना दिवसाचं चीज झाल्यासारखं वाटायचं. त्यांनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. "मी तुला म्हटलं, 'आम्ही सिनेमाला जाणार', तर?"

"तर मी घरी."

"आणि 'आपण जाणार' म्हटलं तर?"

"तर तिकीट तुम्ही काढणार!"

बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडे दोन शब्द आहेत, म्हणजे निवड आपल्या हातात आहे. शनिवारपर्यंत मैदानावर 'आपण' म्हणून बघा. माणूस लगेच बदलत नाही, पण कानाला सवय लागते."

संध्याकाळी सराव होता. एक चेंडू भिंतीच्या बोटांना लागून आत गेला. कॅप्टन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "आपण गोल खाल्ला!"

कडेला उभ्या असलेल्या बाईंना क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात रेडिओ झुकून नमस्कार करत पुढे आली. "आपण कुठून आलात? खाणीतून? अरेरे, आपण दमला असाल. बसा ना, आपण इथेच बसा!"

मुली गवतावर लोळून हसल्या. "आपण पाणी घेणार का?" "आपली क्रेन कुठे लावलीत?"

बाई जागच्या जागी थिजल्या. फळ्यावर लिहिताना त्यांना आठवलंच नव्हतं की 'आपण' हा परक्याला मान देण्याचाही शब्द आहे, दाराशी आलेल्या पाहुण्याला लांबच बसवण्याचा. सगळ्यांना धरणारा म्हणून दिलेल्या शब्दाने पोरींनी एकीलाच बाहेर उभं केलं होतं.

भिंतीने जाळ्यातून चेंडू काढला आणि लाथ मारून थेट मैदानाच्या मध्यावर पाठवला.

सराव संपल्यावर बाईंनी कॅप्टनला थांबवलं. त्या ओरडल्या नाहीत. "नंतर तू हसत नव्हतीस. मी बघत होते," एवढंच म्हणाल्या.

कॅप्टन बुटाची नाडी सोडत राहिली. "सुरुवात मीच केली ना पण. नाही केली तर त्या माझ्याशी बोलणं टाकतील."

"खडू कोणी भरला?"

"मी नाही. पण भरताना मी तिथेच होते."

"तुला स्वतःला काय वाटतं?"

"बाई, मला काय वाटतं हे कोणी विचारूच नये असं वाटतं."

बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. "तिथे उभ्या असलेल्या आणखी किती जणींना असंच वाटलं असेल? प्रत्येकीला वाटतं, आपण एकटीच आहोत. म्हणून प्रत्येक मुलगी हसते, आणि ते हसणं ऐकून बाकीच्यांची खात्री पटते."

"म्हणजे आपण..." कॅप्टन म्हणाली आणि थांबली. "आता या शब्दाचीही भीती वाटते बाई."

शनिवारी मैदानाच्या कडेने गावातली माणसं दाटीवाटीने उभी होती. भिंत त्या दिवशी पेटून खेळली. एकदा तर चेहरा मध्ये घालून तिने चेंडू अडवला. सामना बरोबरीत सुटणार असं वाटत असतानाच कॅप्टनच्या पायातून चेंडू निसटला, दुसऱ्या संघाच्या मुलीने तो ताब्यात घेतला आणि जवळून मारला. भिंतीने झेप घेतली, पण हात पोचला नाही. शिट्टी वाजली. संघ हरला.

कॅप्टनची आई औषधांचं दुकान चालवायची. दुकान बंद ठेवून ती सामन्याला आली होती. पोरीच्या केसांतली माती झाडत ती म्हणाली, "जाऊ दे गं. तुम्ही छान खेळलात. त्या पोरीनं घालवलं. खाणवाल्यांना गोलात उभं केलं की दुसरं काय होणार!"

भिंत हाताच्या अंतरावर हातमोजे काढत होती. तिची पिशवी घेऊन वडील शेजारी उभे होते. संघातल्या सगळ्या कॅप्टनकडे बघत होत्या.

"आई, आम्ही हरलो," कॅप्टन म्हणाली.

"तेच म्हणते ना मी. तुम्ही हरलात ते तिच्यामुळे—"

"आम्ही म्हणजे तीसुद्धा. चेंडू माझ्या पायातून गेला, तिच्या नाही."

"हळू बोल. लोक बघताहेत."

"बघू देत. आम्ही अकरा जणी हरलो."

रेडिओने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग ती दुसरीकडे बघू लागली. बाकीच्या मुली एकेक करत तिच्यामागून निघून गेल्या. कॅप्टनसाठी कोणी थांबलं नाही. आईसुद्धा छत्री काखेत मारून पुढे झाली. भिंतीने वडिलांच्या हातातली पिशवी घेतली आणि जाता जाता एकदाच मागे वळून बघितलं.

सोमवारी कॅप्टनच्या बाकावर तिच्या शेजारी कोणी बसलं नाही. बाईंनी चित्रपटाचा शेवट लावायला घेतला, तेवढ्यात भिंतीचे वडील दारात दिसले. बाई बाहेर आल्या.

"दाखला काढायचाय का?"

"काढणार होतो. ती म्हणते, परीक्षेपर्यंत थांबू. मी म्हटलं, पुन्हा खडू भरला तर? म्हणाली, झटकून घालेन." त्यांनी मान हलवली. "मला पटलेलं नाही बाई. एकदा ऐकतोय, एवढंच. यापुढे काही झालं तर मी विचारायला येणार नाही, घेऊन जाईन."

"पुन्हा होणार नाही, असं मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या.

"नाही सांगितलंत तेच बरं."

पडद्यावर शर्यत संपली होती. नाव दुसरी आली होती. धक्क्यावर नौका-क्लबचे गोरे लोक हाताची घडी घालून उभे होते, त्यांच्यात कप्तानाचे वडीलही होते. कप्तान ओलाचिंब होऊन वर चढला आणि त्यांच्याकडे बघून एक वाक्य बोलला. बाईंनी भाषांतर केलं नाही. चित्रपट थांबवला.

वर्ग वाट बघत राहिला. रेडिओलाही विचारायचा धीर झाला नाही.

"'आम्ही हरलो,' म्हणतोय," मागच्या बाकावरून भिंत म्हणाली.

"आपण का नाही?" बाईंनी विचारलं.

"समोर वडील उभे आहेत ना. ते कुठे नावेत होते?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाकीच्या गप्प होत्या, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ बाईंना लावता येईना.

संध्याकाळी मैदानावर भिंतीने हातमोजे उलटे करून झटकले. पांढरी पूड वाऱ्यावर उडाली. तिने ते पुन्हा एकदा झटकले आणि हातात चढवले. थोड्या अंतरावर कॅप्टन बूट घालायला बसली होती. तिने बूट उचलला, आत बघितलं आणि पायरीवर आपटला. त्यातूनही खडू पडला.

भिंत ते बघत राहिली. मग गोलाकडे जाता जाता म्हणाली, "दुसराही बघ."