दिवसभर उभीच असते

बायको गेली हे डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. हृदय बंद पडलं. बरोबर आक्का होती, माझी थोरली बहीण. ती म्हणाली, "दिवसभर राबणारी बाई ती. तिला हे दुखणं कसं?"

"राबत होत्या, पण व्यायाम नव्हता," डॉक्टर म्हणाले. "मी दोघांनाही चालायला सांगितलं होतं."

दोघांनाही, हे खरं. आमचं इस्त्रीचं दुकान. रक्तदाब दोघांनाही, आणि सल्लाही एकच: रोज सकाळी दम लागेल इतकं भरभर चाला. मी निघालो की आक्का म्हणायची, "जा बाबा, तब्येत सांभाळ." बायकोने चपला घातल्या की म्हणायची, "तुला कशाला? दिवसभर उभीच असतेस की." माझा रक्तदाब उतरला, झोप लागायला लागली. तिचे इस्त्रीच्या टेबलाशी पाय सुजत गेले.

भेटायला येणारे कौतुकाने म्हणायचे, "कामाने झिजली हो." माझं डोकं फिरायचं. झिजायला ती काय चपलेचा तळ होती?

नंतर सुनेची साखर वाढलेली निघाली. गोळ्या नकोत, आधी रोज चाला, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. जेवताना तिने ते सांगितलं, तर मुलगा मान वर न करता म्हणाला, "वेगळं कशाला चालायचं? दुकानात उभीच असतेस."

"तेच तर," आक्का म्हणाली. "आणि बाळाला कोण बघणार?"

"तू बघ," मी म्हणालो.

"माझे गुडघे धरलेत."

"बसून बसून धरलेत. तूही जा तिच्याबरोबर."

"या वयात माझी वरात काढतोस?"

मुलगा हसला. मी त्याच्यापुढचं ताट ओढलं. "हसतोस काय? तुझी आई त्या इस्त्रीच्या टेबलाशीच कोसळली. उभं राहून पाय सुजतात, काळीज बळकट होत नाही. उद्यापासून सकाळची इस्त्री तू करायची. बाळाला मी घेतो."

"सकाळी मी जिमला जातो, बाबा."

"मग संध्याकाळी जा."

तो उठून गेला. सून खरकटं काढायला लागली.

सकाळी मी बाळाला कडेवर घेऊन तिला म्हणालो, "जा, निघ."

"गठ्ठे पडलेत हो, बाबा," ती म्हणाली, आणि इस्त्री तापत ठेवली. मुलगा जिमला गेला होता.

सून अजून एकदाही चालायला गेलेली नाही.