हात लावू नये

लढाऊ रोबोंची नावं ऐकावीत: प्रलय, टायटन, रणसंग्राम. यंत्र दोन हात लांब, पण नाव असं की ऐकणाऱ्याने घरादाराचा विमा काढावा. साईनाथने मात्र आपल्या रोबोचं नाव वरवंटा ठेवलं होतं. त्याच्या तोंडाशी जो जाड पोलादी रूळ गरगर फिरायचा, तो थेट आईच्या वरवंट्यासारखा दिसायचा म्हणून. समोरचा ठेचायचा एवढंच तर काम, नावात कशाला दम खर्च करायचा, असं त्याचं म्हणणं.

साईनाथ गेला त्याचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं, आणि वरवंटा त्याच्यावाचून पहिल्यांदाच लढायला निघाला होता.

दिग्विजयच्या जीपमध्ये पुढे भाग्यश्री बसली होती, साईनाथची बायको. मागे तेजस आणि उत्कर्षा, आणि त्यांच्या मध्ये लाकडी खोक्यात वरवंटा. तेजस साईनाथच्याच ऑफिसातला, उत्कर्षा पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारी. दिग्विजय मूळ खराडीचा, त्यांच्या शेतावर आता आयटीवाल्यांचे टॉवर उभे आहेत आणि उरलेल्या गोठ्यात या मंडळींचं वर्कशॉप. म्हशींच्या जागी वेल्डिंग मशीन आलं तेव्हा त्याच्या आजोबांनी विचारलं होतं, हे दूध किती देतं? तेव्हापासून दर शनिवार-रविवार ही चौघं त्या गोठ्यात पडलेली असायची. आता तिघं.

भाग्यश्रीचा या खेळाशी संबंध घरात पसरलेल्या नटबोल्टांपुरताच. तरी येतेस का म्हटल्यावर ती लगेच हो म्हणाली, याचं तिघांनाही नवल वाटलं होतं. येण्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही.

भाग्यश्री रडली नव्हती. हॉस्पिटलात नाही, दहाव्याला नाही, नंतरही कधी नाही. कसबा पेठेतून वेणूआत्या खास रडवायला म्हणून येऊन गेल्या. गळ्यात पडल्या, स्वतः भरपूर रडल्या, डोळे पुसून चहा प्याल्या आणि जिन्यात शेजारणीला म्हणाल्या, "पोर दगड झालीय." भाग्यश्रीने दाराआडून ते ऐकलं आणि तिला त्याचंही काही वाटलं नाही. ती ऑफिसला जायची, दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची, घरी येऊन वरणभात लावायची. दाढ काढायच्या आधी भूल देतात तेव्हा गाल आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही. तिचं सगळं तसं झालं होतं. वरवंटा लढताना बघून तरी आत काही हलेल, असं तिच्या मनात होतं. हललं तर बरंच. नाही हललं तर आपल्यात काही उरलेलं नाही असं समजायचं आणि पुढचं आयुष्य त्या हिशोबाने काढायचं, असं तिने थंडपणे ठरवून टाकलं होतं.

येरवडा मागे पडलं आणि बायपासच्या वळणावर डावीकडून एक टेम्पो हॉर्न मारत घुसला. भाग्यश्रीचा हात आपसूक उठला आणि दिग्विजयच्या डाव्या खांद्यावर दोनदा पडला. टप टप.

ही जुनी सवय. साईनाथचा डावा कान लहानपणी फुटला होता, त्या बाजूचं त्याला काहीच ऐकू यायचं नाही. मोटारसायकलवर ती मागे बसायची आणि डावीकडून काही आलं की त्याच्या खांद्यावर टप टप करायची. त्यावर दोघं कधी बोललेसुद्धा नाहीत, संसारात अशा गोष्टी आपोआप बसतात. नगर रस्त्यावर डावीकडून डंपर आला त्या दिवशी साईनाथ एकटा होता.

दिग्विजयने टेम्पोला वाट दिली आणि काही बोलला नाही. हा टप टप त्याच्या खांद्यावर याआधीही पडला होता. तो दर वेळी न कळल्यासारखं करायचा.

हडपसरच्या पुढे एका मैदानावर मांडव घातला होता. मधोमध जाड पारदर्शक भिंतींचा पिंजरा, भोवती खुर्च्या, कडेला भेळ, आइस्क्रीम आणि मुलांच्या गालांवर वाघ रंगवणारी एक मुलगी. माइकवरचा निवेदक हिंदी आणि इंग्रजीची अशी काही मिसळ करत होता की दोन्ही भाषांनी हात जोडावेत. नियम सोपा होता: दोनदा हरलं की खोकं उचलायचं आणि घरी जायचं.

पहिली झुंज सांगलीच्या प्रलयशी लागली.

रिमोट तेजसच्या हातात होता. या रिमोटची एक गोष्ट सांगायला हवी. वरवंट्याचा डावीकडचा गिअरबॉक्स गेल्या वर्षी बिघडला होता, त्यामुळे यंत्र सरळ चालवलं तरी डावीकडे ओढायचं. नवा गिअरबॉक्स मागवला तो कुठे अडकला देव जाणे. तोवर साईनाथने तोड काढली. रिमोटवर दांड्याच्या बाजूला एक बारकं बटण असतं, त्याला ट्रिम म्हणतात. यंत्र डावीकडे ओढत असलं तर ते दाबून त्याला तेवढंच उजवीकडे रेटायचं, की चाल सरळ. गोठ्यासमोरच्या अंगणात अनेक संध्याकाळी घालवून साईनाथने तो ट्रिम नेमका लावला, चुकून धक्का लागू नये म्हणून त्यावर पांढरी टेप चिकटवली आणि टेपवर मार्करने लिहिलं: हात लावू नये. पुण्यात राहून माणूस पाटी लावणार नाही, हे व्हायचं नाही.

नवा गिअरबॉक्स आला तो साईनाथ गेल्यावर. कुरिअरवाल्याने दारात विचारलं, साईनाथ आहेत का? भाग्यश्री म्हणाली, नाहीत. खोकं तिने न उघडता तेजसला दिलं. या आठवड्यात तिघांनी मिळून गिअरबॉक्स बसवला, देवाची मूर्ती बसवावी तसं. चाचणी घेतली ती टेबलावर, चाकं हवेत ठेवून, कारण अंगणात आता दिग्विजयच्या काकांनी गाड्या लावायला भाडेकरू आणले होते. चाकं हवेत झकास फिरली. हवेत सगळ्यांचंच झकास फिरतं.

पिंजऱ्याचं दार बंद झालं, दिवे हिरवे झाले आणि वरवंटा सुटला तो प्रलयला सोडून उजवीकडच्या भिंतीकडे. तेजसने वळवलं, पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. दर वेळी समोरच्याला भिडायच्या ऐन क्षणी यंत्र उजवीकडे सरकायचं आणि आपली कूस त्याच्यापुढे करायचं. सांगलीकरांनी ती कूस मनसोक्त झोडपली. पंचांना फार विचार करावा लागला नाही.

टेबलावर वरवंटा उलटा ठेवून तिघं त्याच्याभोवती उभे राहिले. भाग्यश्री खुर्चीवर बसून बघत होती. नवऱ्याचं यंत्र मार खाताना बघूनही तिला काही झालं नव्हतं. तिने तपासून पाहिलं होतं.

"माझा हात बसत नाहीये," तेजस म्हणाला. "साई असता तर..."

"चाकात काय बी नाय," दिग्विजय म्हणाला. "नवा गिअरबॉक्स लोण्यासारखा फिरतोय, वहिनी."

उत्कर्षा रिमोटकडे बघत होती. मग तिने भाग्यश्रीकडे बघितलं आणि लगेच पाण्याची बाटली उघडली. तहान लागलेल्या माणसासारखं काही ती पाणी प्याली नाही.

आणि तिथे भाग्यश्रीच्या लक्षात आलं. तिच्या ऑफिसात हे नेहमी व्हायचं. प्रोग्राममध्ये एक चूक असते, ती सुधारेपर्यंत कुणीतरी तात्पुरती पाचर मारून ठेवतो. पुढे चूक सुधारते, पाचर काढायची राहते, आणि मग ती पाचरच सगळं वाकडं करते. गिअरबॉक्स बरा झाला होता. साईनाथचा ट्रिम मात्र अजून त्या जुन्या आजाराशी भांडत होता. यात काही फार मोठी अक्कल नव्हती, आणि समोरच्या तिघांकडे ती तिच्याहून जास्त होती.

"तेजस," ती म्हणाली, "तुला माहितीये ना काय झालंय ते?"

तेजस स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला. "माहितीये."

"मग?"

"ती टेप साईने लावलीय."

"उत्कर्षा?"

"पहिल्या वळणातच कळलं मला," उत्कर्षा म्हणाली. "पण वहिनी, तुम्ही समोर बसलाय. तुमच्यासमोर कसं काढायचं ते?"

"आणि मी आले नसते तर?"

शेवटी दिग्विजयच बोलला. "तरी नसती काढली. खोटं कशाला बोलू? त्याचा शेवटचा हात हाय त्यो. परवा तेजाला म्हनलं, हरलो तर हरलो."

भाग्यश्रीने हात पुढे केला. तेजसने रिमोट तिच्या हातात ठेवला आणि तोंड फिरवलं.

टेपच्या कडा मळून काळ्या झाल्या होत्या. "हात" मधला त पुसट झाला होता, साईनाथचा अंगठा तिथेच टेकत असणार. तिने नखाने एक कोपरा उचलला आणि टेप हळूहळू सोलली. खाली डिंकाचा चिकट पट्टा राहिला. मग तिने बटण डावीकडे दाबायला सुरुवात केली. दर दाबाला रिमोट बारीक आवाजात वाजायचा. साईनाथने एक-एक करून जेवढं उजवीकडे नेलं होतं तेवढं सगळं ती परत आणत होती. मध्यावर आलं तेव्हा तो एकदाच लांब वाजला.

"झालं," ती म्हणाली.

ती टेप तिने खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवली. उत्कर्षाने नाक ओढलं. भाग्यश्रीचे डोळे कोरडे होते.

दुसरी झुंज एका कॉलेजच्या टायटनशी होती. दिवे हिरवे झाले आणि वरवंटा सुटला तो आखून दिल्यासारखा सरळ. इतका सरळ तो साईनाथच्या हातातही कधी गेला नव्हता. रूळ टायटनच्या पोटाखाली घुसला, ठिणग्या उडाल्या आणि टायटन हवेत जाऊन पाठीवर पडला. चाकं फिरत राहिली, उठता येईना. लोक खुर्च्यांवर चढले. तेजस ओरडत होता, उत्कर्षा त्याच्या गळ्यात पडून रडत होती, दिग्विजय ओळखपाळख नसलेल्या माणसांना टाळ्या देत होता.

भाग्यश्री पाण्याची बाटली धरून उभी होती. आता होईल, असं तिला वाटलं. ती वाट बघत थांबली. काहीच झालं नाही. आपण यासाठीच आलो होतो आणि ते संपलं, एवढंच तिला कळलं. तिने बाटलीचं झाकण लावलं.

तिसऱ्या झुंजीत वरवंट्याचा रूळ फिरवणारा पट्टा तुटला आणि ते बाहेर पडले. कुणाला वाईट वाटलं नाही. हरले ते रीतसर हरले.

परतताना ऊन कललं होतं आणि मुंढव्याच्या चौकात नेहमीची गर्दी होती. मागे तेजस आणि उत्कर्षा पुढच्या खेपेला कुठला पट्टा घालायचा यावर भांडत होते. त्या टेपचं भय गेल्यापासून ती मंडळी एकदम सैल झाली होती. साईनाथचं नावही सहज घेत होती, त्याच्या चुकांना हसत होती. भाग्यश्री समोर बघत बसली होती.

सिग्नल सुटला. डावीकडून एक बस भलामोठा हॉर्न देत अंगावर आली आणि भाग्यश्रीचा हात उठला. टप टप.

"ऐकलं, वहिनी," दिग्विजय म्हणाला. त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. आवाज नेहमीचाच होता, सकाळी नुसता गप्प राहिला होता तोच माणूस. "मला येतं ऐकू."

हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला. मग तिने तो काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. हे काम आता कुणालाच नको आहे, हे तिला त्या हाताकडे बघताना कळलं. साईनाथला ऐकू येत नव्हतं म्हणून तो हात होता. आता साईनाथ नव्हता. इतके महिने हे वाक्य तिने कितीजणांना सांगितलं होतं, बँकेत, गॅस एजन्सीत, त्या कुरिअरवाल्याला, आणि आज पहिल्यांदा ते तिला स्वतःला ऐकू आलं.

आधी तिचे खांदे हलले. मग तोंडातून जो आवाज निघाला तो तिलाच ओळखीचा वाटला नाही. मागचं भांडण थांबलं. उत्कर्षाने मागून तिच्या केसांवर हात ठेवला. तिला इतकं दुखत होतं की कुठे दुखतंय ते सांगता आलं नसतं, आणि थांबवावं असंही वाटत नव्हतं.

"गाडी बाजूला घिऊ का?" दिग्विजयने विचारलं.

तिने मान हलवून नको म्हटलं.

पुलाच्या अलीकडे डावीकडून एक रिक्षा हॉर्न मारत घुसली. भाग्यश्रीने हात उचलला नाही. दिग्विजयने ब्रेक दाबला आणि रिक्षाला पुढे जाऊ दिलं.