मागच्या सीटवरचा जोर

सायकल एक. सीटा दोन, पेडलं चार, पिशव्या सहा, पाण्याच्या बाटल्या पाच. माणसंही दोनच, साठीच्या पुढची, आणि एकमेकांशी अबोला धरलेली.

अशी जोडसायकल मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्या भंगाराच्या दुकानाशी ती थांबली ती एका नटासाठी. कॅरियरचा नट रस्त्यात कुठेतरी पडला होता. बाबांनी डबा उपसून तसलाच शोधून दिला. काका तो बसवायला वाकले, तेवढ्यात काकूंनी आपली पिशवी सायकलवरून उतरवली आणि समोरच्या थांब्यावर बस कधी येते, असं मला विचारलं.

समुद्राकाठच्या घरापासून आठशे किलोमीटर दोघं बरोबर आले होते, लेकीकडे, नवी नात बघायला. दोनशे उरले होते. पण सकाळच्या चढावर काकांच्या तोंडून निघून गेलं की तू मागे बसून नुसते देखावे बघतेस, ओढतो मी एकटाच. आता काकू बसने जाणार होत्या.

“पाठीला डोळे आहेत का यांच्या?” त्या मला म्हणाल्या.

“पाय सांगतात माझे,” काका नटाला म्हणाले.

मला राहवेना. फिजिक्सची पदवी घेऊन मी दुकानात बसले आहे, आणि आमच्याकडे पोती तोलायचा स्प्रिंगचा काटा आहे. म्हटलं, मोजूनच बघू. काट्याचं एक टोक दाराच्या लोखंडी खांबाला बांधलं, दुसरं सायकलच्या मागे अडकवलं. एकाने पाय वर धरायचे, दुसऱ्याने पेडल दाबायचं. सायकल जागची हलणार नाही, जोर काट्यावर दिसेल. सायकल पडू नये म्हणून बाबांनी हँडल धरलं.

“एवढं शिकवलं,” ते म्हणाले, “तर पोरगी आता नवरा-बायको तोलायला लागली.”

आधी काका. कान लाल होईपर्यंत दाबलं. चोवीस किलो.

मग काकू. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि दाबलं. सत्तावीस.

काकांना काट्याचा संशय आला, म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा चोवीस, पुन्हा सत्तावीस.

समोर बस येऊन उभी राहिली. काकूंनी पिशवी उचलली. काका काट्याकडेच बघत होते.

“म्हणजे देखावे मी बघत होतो,” ते म्हणाले.

काकूंना हसू आवरेना. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तर त्यांनी हातानेच त्याला पुढे जायला सांगितलं आणि पिशवी कॅरियरवर आवळून बांधली. मग म्हणाल्या, आता दोघांचं मिळून बघ.

बेरजेने एक्कावन्न यायला हवेत, मी आधीच सांगून ठेवलं. दोघं आपापल्या सीटवर बसले. बाबांनी एक, दोन, तीन म्हटलं.

काटा चोपन्नावर थांबला.