सविता बसली तो बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. सिंगापूरमध्ये यिशुन भागातल्या एका कॉन्डोत, म्हणजे उंच इमारतींच्या बंदिस्त सोसायटीत, तरणतलावाच्या काठावर माझा मुक्काम. लाकडाला काही कळत नाही असं लोक म्हणतात, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. ऊन खाऊन खाऊन आणि क्लोरीनचं पाणी पिऊन पिऊन माझं अंग कधीच बधिर झालंय. त्यामुळे जे घडलं ते मी शांतपणे सांगेन. रडारड ऐकावी लागेल ही भीती नको.

मी मूळचा साग. जावा बेटावरच्या एका कारखान्यात मला कापलं, तासलं, तेल पाजलं आणि जहाजात घातलं. नवा होतो तेव्हा माझं कौतुक काय विचारता! फ्लॅट बघायला माणसं आली की एजंट त्यांना आधी माझ्यावर बसवायचा, समोरचं निळं पाणी दाखवायचा आणि मगच भाडं सांगायचा. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय. पुढे तेल लावायला कोणी फिरकलं नाही.

पण संध्याकाळी मी भरलेला असायचो. मुलं पाण्यात आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका माझ्यावर. फिलिपिन्सची मर्सी, इंडोनेशियाच्या दोघी जणी आणि साताऱ्याकडची सविता. सविता जाईला सांभाळायची. जाईची आई प्रणिता पाया लेबारला आयटी कंपनीत मॅनेजर, बाबा सारंग जुरोंग आयलंडवर इंजिनिअर. दोघंही सकाळी गेले की दिवेलागणीलाच परत. सविताची स्वतःची मुलगी साताऱ्यात नर्सिंग शिकत होती, तिच्यासाठी ही समुद्र ओलांडून आलेली. तिच्या पिंढऱ्यांवर निळ्या शिरा फुगलेल्या असत. टेकली की ती म्हणायची, "आई गं, बरं वाटलं!"

रविवारी मात्र प्रणिता स्वतः यायची, आपल्या मैत्रिणीला, उर्मिलाला घेऊन. एकदा ती फार चिडली होती. त्यांना मोठा फ्लॅट हवा होता, आणि फोनवर घरमालकानं चक्क सांगितलं होतं, इंडियन्सना देत नाही.

"म्हणे तुमच्या स्वयंपाकाचा वास भिंतींना बसतो!" ती म्हणाली. "आम्ही माणसं नाही का गं? रंग बघून घर देतात मेले!"

मला तिचं पटलं. कोणालाही पटलं असतं.

२०१४ साली कॉन्डोच्या कमिटीनं माझ्या पाठीवर एक पाटी ठोकली. मदतनिसांनी आणि कामगारांनी इथे बसू नये, हा बाक फक्त रहिवाशांसाठी आहे. बायकांमुळे आपल्याला जागा मिळत नाही अशी कोणाची तरी तक्रार होती. जागा होती हो, मला नाही तर कोणाला ठाऊक! सारंगही कमिटीवर होता आणि त्यानंही हात वर केला. माणूस तसा वाईट नाही, पण चारचौघांत वाईटपणा कोण घेणार? स्क्रू आत गेले तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

त्या दिवसापासून बायका भिंतीला लागून रांगेत उभ्या राहू लागल्या. पोहणं संपेपर्यंत उभ्याच. पाटीवर कोणाचा रंग लिहिलेला नव्हता, पण सिक्युरिटीचे अंकल रंगावरूनच ओळखायचे. एका घरी युरोपातली गोरी पाहुणी आली होती. ती रहिवासी नव्हती, तरी दुपारभर माझ्यावर पुस्तक वाचत पडायची आणि अंकल तिला हसून सलाम ठोकायचे. अंकलना तरी काय बोलणार, तेही हुकमाचे ताबेदार.

आणि मग व्हायचं तेच झालं. प्रणिता एकदा ऑफिसमधून लवकर आली, घरातला साधा कुर्ता घालून जाईला बघायला खाली उतरली आणि माझ्यावर बसली. रंगानं सावळी, केस वर बांधलेले, हातात टॉवेल.

अंकल आले आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "आंटी, हेल्पर कॅनॉट सिट हिअर, लाह. गो स्टँड देअर."

प्रणिता ताडकन उठली. मग ती अंकलना इंग्रजीत अशी काही बोलली की तलावातली मुलं पोहायची थांबली. सारंगनं तक्रार केली. मॅनेजमेंटनं माफी मागितली आणि पुन्हा असा घोटाळा नको म्हणून रहिवाशांना गळ्यात घालायची हिरवी कार्डं दिली. प्रणिताचं समाधान झालं.

"मी काय मोलकरीण वाटते का यांना?" ती उर्मिलाला सांगत होती. सविता तिथेच, हातभर अंतरावर, जाईचे ओले कपडे पिळत उभी होती. तिनं कपडे पिळले, झटकले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सविता आली आणि माझ्यावर बसली. गाजावाजा नाही, काही नाही. नुसती बसली. अंकल आले तर म्हणाली, "लेग पेन, अंकल. आय सिट." अंकलनी विनवलं, दटावलं, शेवटी नाव लिहून घेतलं. ती जाईचं पोहणं संपेपर्यंत बसली. पुढच्या दिवशी पुन्हा बसली, त्याच्या पुढच्याही. भिंतीकडून मर्सी खुणेनं सांगत होती, ऊठ, ऊठ. कारण तिथल्या सगळ्याच बायकांना ठाऊक होतं की मालकानं ठरवलं की वर्क परमिट रद्द होतं आणि बाईला विमानात बसवतात.

शनिवारी सारंग स्वतः खाली आला. कमिटीत त्याची मान खाली गेली होती.

"सविताताई, ऐका जरा," तो हळू आवाजात म्हणाला. "मला दोन नोटिसा आल्यात. उद्या बसलात तर मला तुमचं तिकीट काढावं लागेल. मुलीच्या शिक्षणाचा तरी विचार करा."

"दादा, तिचाच विचार करते," सविता म्हणाली. "उद्या ती नर्स होऊन कुठे कुठे जाईल. तिलाही असंच भिंतीशी उभं करतील. मी भांडत नाही हो कोणाशी. वहिनींना उठवलं तेव्हा तुम्हाला राग आला ना? मला उठवलं तेव्हा का नाही आला?"

सारंग मागे वळला आणि लिफ्टकडे निघून गेला.

रविवार तिच्या सुट्टीचा, तरी सविता खाली आली आणि बसली. तिचं तिकीट निघालं. जायच्या दिवशी ती मला भेटायलाबिटायला आली नाही. बाकाला कोण भेटतं? मला वाईट वाटायला हवं होतं, मित्रांनो. वाटलं नाही. ते न वाटणंच आता मला टोचतं.

ती गेली त्या संध्याकाळी मर्सी आली आणि बसली. मग इंडोनेशियाच्या दोघी आल्या. मग भिंतीकडच्या एकेक करत सगळ्याच आल्या आणि ज्यांना माझ्यावर जागा मिळाली नाही त्या पायाशी फरशीवर बसल्या. अंकलनी वही काढली, सगळ्यांकडे पाहिलं आणि वही तशीच खिशात घातली. कमिटीत म्हणे बराच खल झाला. एकीला घरी पाठवता येतं. सगळ्यांना पाठवलं तर मुलांना कोण सांभाळणार आणि ऑफिसला कोण जाणार? तेव्हा कोणी काहीच केलं नाही. पाटी अजून आहे. बायका तिला पाठ टेकून बसतात.

सारंगच्या घरी नवीन बाई काही मिळेना. म्हणून रजा काढून प्रणिताच जाईला घेऊन खाली आली. मी गच्च भरलेला होतो. ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती, कधी या पायावर, कधी त्या.

मर्सीनं पाहिलं. "मॅम, कम, सिट," ती म्हणाली आणि सरकली. तिच्या शेजारची सरकली, तिच्या पलीकडचीही सरकली. प्रणिता नको नको म्हणाली, आणि मग अंग चोरून बसली.

"सविता ओके?" मर्सीनं विचारलं.

"माहीत नाही," प्रणिता मराठीतच म्हणाली. मग भानावर येऊन तिनं इंग्रजीत सांगितलं, "ती माझा फोन उचलत नाही."

मित्रांनो, मला तेल लावा, रंग द्या असं मी म्हणणार नाही. माझं आता काय राहिलंय! एवढंच सांगतो, कोणी थकून तुमच्याजवळ आलं तर तू कोण, कुठली, कोणाकडे कामाला, असं विचारू नका. जरा सरका.