ठोक्याचा दिवस

“पिल्लं चारच?” परीक्षक बाईंनी विचारलं.

“चारच,” मी ठोकून दिलं. पाचवं मागच्या खोलीत होतं, तोंडात हाड देऊन कोंडलेलं. सत्तरी उलटलेल्या माणसाला एवढ्याशा खोट्याने घाम फुटावा, कमाल आहे!

आमच्या शिकारी कुत्र्यांची स्वतंत्र जात म्हणून श्वानसंघात नोंद करायची की नाही, ते या बाई आज ठरवणार होत्या. त्या नोंदीसाठी माझ्या वडिलांनी अकरा अर्ज केले आणि वाट बघत बघतच गेले.

“सुरुवात कशी झाली हो या जातीची?”

हे मला विचारायचं नसतं, मी थांबत नाही. माझे पणजोबा या माळावर सशांमागे फिरायचे. कुत्रं भुंकलं की ससा पसार. वैतागून त्यांनी एका मेंढपाळाकडून लांब पायांची कुत्री आणली आणि तिला एक मुखदुर्बळ राखण्या कुत्रा दाखवला. पिल्लं एक्केचाळीस दिवसांची झाली की त्यांना खोलीत ठेवून बंद दारावर काठीने ठोकायचं. जे भुंकेल ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी. आजोबांनी छाती खोल केली, वडिलांनी रंग सारखा केला, पण ठोका कुणी चुकवला नाही. चार पिढ्यांनी असं कुत्रं घडवलं, की जीव खाऊन धावेल, शिकारीपाशी उभं राहील, पण हूं की चूं करणार नाही. शिकार बंद होऊन जमाना झाला. कुत्री मात्र गप्पच राहिली.

“ठोका बघू या?”

चारही पिल्लांना आत ठेवून मी दार ओढलं आणि वडिलांच्या काठीने तीनदा ठोकलं. आत चिडीचूप. बाई खूश झाल्या. त्यांनी पेन काढलं, आणि नेमकं तेव्हाच मागच्या खोलीतून कोवळा, फाटका आवाज आला. भो! भो!

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “शेजाऱ्यांचं असेल, नाही का?”

भली बाई. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

दोन वर्षांपूर्वी आमची ही न्हाणीघरात पाय घसरून पडली. मी हाकेच्या अंतरावर गवत कापत होतो. कुत्री तासभर तिच्या उशाशी बसून होती. मी आलो तेव्हा तिने फक्त शेपूट हलवलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळायला हवं होतं. कुत्रीचा काय दोष? तिला गप्प करायला आमच्या चार पिढ्या खपल्या होत्या.

“मला शेजारच नाही, बाई,” मी म्हणालो. “माझंच आहे ते. पाचवं.”

दार उघडलं, तसं पिल्लू थेट बाईंच्या चपलेवरच भुंकायला लागलं.

“काका, मी नेते याला. माझ्याकडे नीट राहील,” बाई म्हणाल्या. “तुमच्या घरचाच नियम आहे ना? मग लगेच नोंद करते.”

“नियम आहे. पण हे नाही देणार.”

“वडिलांचे अकरा अर्ज आहेत माझ्याकडे.”

“मला पाठ आहेत ते.”

कुत्रीची ही शेवटची वीण, पुन्हा अशी संधी नाही, हे बाईंनाही दिसत होतं. त्यांनी कागद पिशवीत घातले. जाताना पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला.

गाडी गेली. वडिलांच्या फोटोकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग मी काठी घेऊन बाहेर आलो, घराचं दार ओढून घेतलं आणि ठोकलं.

आतून भुंकणं आलं.

मी पुन्हा ठोकलं.